दिवा मालवायचा कुणी?

मराठी माणूस दिवा विझवत नाही, तो दिवा मालवतो. देवापुढचे निरांजन असेल तर ते शांत करतो. दिवा लावण्याइतकेच तो मालवणे हेही घरातल्या कुणाचे तरी काम असे, आणि त्यासाठी लागणारे बटण वा वातीची काडी हाताशी असे. पुण्यासारख्या रोषणाईवेड्या शहरातही ही शिस्त आहे. गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्यावर डोळे दिपतात, पण विसर्जन झाले की माळा उतरतात. दिवाळीचा आकाशकंदील फार तर तुळशीच्या लग्नापर्यंत. रोषणाईला आपण मुदत घालून दिलेली आहे. मुदत नसलेली रोषणाई अलीकडे घरात शिरली ती संगणकाच्या पोटातून.

माझा भाचा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी सांगलीहून आमच्याकडे राहायला आला. पेठेतल्या घरात मोकळी खोली कुठली असणार? त्याचे टेबल लागले माझ्या आईच्या खोलीत. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची. भाच्याने सुटे भाग आणून संगणक स्वतः जुळवला. त्याच्या कॅबिनेटची एक बाजू काचेची, आणि आत पंखे, रॅमच्या पट्ट्या, ग्राफिक्स कार्ड, सगळेच उजळलेले. लाल, जांभळा, निळा, हिरवा, पुन्हा लाल. भाचा रात्री काहीतरी डाउनलोडला लावून गाढ झोपे. आई मात्र दोन वाजता उठून बसे आणि म्हणे, “उजाडलं वाटतं. चहा टाका.” एका रात्री तिने आपले जुने लुगडे त्या पेटीवर पांघरले. भाचा धडपडत उठला.

“आजी, अगं वारा कोंडून मशीन तापेल!”

“मग दिवा मालव की मेल्या.”

“त्याला बटणच नाही गं.”

हे उत्तर ऐकून मी चकित झालो. ज्याला बटण नाही असा दिवा घरात आला कसा?

यंत्रावरचे दिवे मुळात कामाचे होते. 1984 साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे बँकांच्या शाखांत संगणक येऊ लागले. आमच्या शाखेतल्या पहिल्या यंत्राच्या कपाळावर दोन इवलेसे दिवे होते. हिरवा लागला की वीज आहे, लाल लुकलुकला की आत लिहिणे चालू आहे, हात लावू नका. त्या दोन दिव्यांना अर्थ होता. निक होलोन्याक यांनी 1962 साली डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी तयार केला. झगझगीत निळा यायला मात्र 1990 चे दशक उजाडले. तो साधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चे नोबेल मिळाले. लाल, हिरवा आणि निळा एकत्र आले आणि हवा तो रंग मिळू लागला. प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या. गुणाकार केला तर 1 कोटी 67 लाख 77 हजार 216 छटा. खोक्यावर हाच आकडा मिरवतात. त्यातली एक छटा काळी आहे, तिन्ही रंग शून्यावर, हे मात्र कुठे ठळक छापलेले नसते.

त्या शून्यापर्यंत पोचायला भाच्याचा आणि माझा एक अख्खा रविवार गेला. पंख्यांचे काम सोपे निघाले. पंखा फिरवणारी वायर आणि दिव्याची वायर बहुधा वेगळ्या असतात. भिंतीवरचे बटण बंद करून दिव्याची तेवढी काढली की पंखा फिरतो, पण उजळत नाही. पुन्हा कधी जोडायची झाली तर जपून, कारण 5 व्होल्टची पट्टी 12 व्होल्टच्या जागी लागली की जळून जाते. मदरबोर्डचे दिवे बायोसमध्ये जाऊन बंद करता येतात. संगणक बंद केल्यावरही काही दिवे तेवत राहतात, कारण वीजपुरवठ्याचा एक धागा आत चालूच असतो. बायोसमधला ‘ईआरपी’ हा पर्याय सुरू केला की बहुतेक बोर्डांवर तेही थांबतात.

खरी अडचण रॅमची आणि ग्राफिक्स कार्डाची. तिथे काढायला वायरच नसते. हुकूम सोडायला प्रोग्रॅम लागतो. प्रत्येक कंपनीचा प्रोग्रॅम वेगळा. 2023 पासून विंडोज 11 मध्ये रोषणाईची स्वतंत्र सोय आली, पण ती सगळेच भाग ओळखत नाही. ‘ओपनआरजीबी’ हा मोफत प्रोग्रॅम अनेक कंपन्यांचे भाग एकत्र हाताळतो. तेवढे करूनही वीज जाऊन आली की आमचे कार्ड सगळे विसरते आणि प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत इंद्रधनुष्य नाचवते. पण रात्री खोलीत काळोख असतो आणि आई सहापर्यंत झोपते.

वाचक म्हणतील, एवढ्याशा उजेडाचे काय घेऊन बसलात? विजेच्या बिलाचा मुद्दा गौण आहे. पण डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की ज्या चित्र पाहत नाहीत, दिवस आहे की रात्र एवढेच मेंदूला कळवतात, आणि निळ्या उजेडाला त्या सर्वांत लवकर जाग्या होतात. आपल्या शहरी घरांत अभ्यासाची खोली आणि झोपायची खोली एकच असते. एकाची हौस दुसऱ्याच्या उशाशी येते. काळोख हीसुद्धा जपायची वस्तू आहे, हे आता सरकारदरबारीही उमगू लागले आहे. आपल्याच राज्यातले पेंच व्याघ्रप्रकल्पाचे रान जानेवारी 2024 मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरले. त्यासाठी आसपासच्या गावांतल्या दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळवावी लागली. दिवे राहिले, फक्त जिथे हवे तिथे पडू लागले.

माझी तक्रार रंगांबद्दल नाही. तरुण मुलाने आपले यंत्र सजवावे, मित्रांना दाखवावे. आम्ही नाही का सायकलच्या चाकांना रंगीत मणी लावले? पण ते मणी रात्री कुणाला जागे ठेवत नसत. रॅमची आणखी एक पट्टी घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, “काका, आजकाल लाइटवालाच माल चालतो.” आग्रह धरल्यावर त्याने आतल्या फळीवरून साधी पट्टी काढली. काम तेच, वेग तोच. मागणारे कमी म्हणून ती मागे पडलेली.

तेव्हा मुलांसाठी संगणक घेताना पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हा दिवा बंद होतो का? प्रोग्रॅमशिवाय होतो का? आणि वीज जाऊन आली तरी बंदच राहतो का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ येत नसेल तर बिनदिव्याचा माल मागावा. चार गिऱ्हाइकांनी मागितला की तो पुढच्या फळीवर येईल.