शाळा व्यवस्थापन समिती : गैरसमज फार, माहिती थोडी

दर दोन वर्षांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत एक खास पालकसभा भरते. वीस-पंचवीस माणसं जमतात, कुणीतरी नावं सुचवतं, बाकीचे माना डोलावतात आणि नवी शाळा व्यवस्थापन समिती तयार होते. महिन्याभराने एखाद्या सदस्याला विचारावं की समिती काय करते, तर उत्तर येतं, "सर बोलावतात, आम्ही सही करतो." गावातल्या बाकीच्यांचा समज बरोबर उलटा असतो. त्यांच्या मते समिती म्हणजे मास्तरांवर नेमलेली फौजदारकी. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोन्हींमुळे खरं काम मागे राहतं.

आधी जुना समज घेऊ : समितीचा अध्यक्ष सरपंच असतो, निदान त्याच्या मर्जीतला तरी. गावातली जुनी माणसं अजूनही 'ग्रामशिक्षण समिती' म्हणतात, आणि हा समज त्या काळातला आहे. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि चित्र पालटलं. या कायद्याच्या कलम 21 नुसार समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील किंवा पालक हवेत. महाराष्ट्र शासनाच्या जून 2010 च्या निर्णयाने समिती 12 ते 16 जणांची ठरवली. म्हणजे बारा जणांची समिती असेल तर नऊ पालक. उरलेल्या जागांवर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा लोकनियुक्त प्रतिनिधी, एक शिक्षक आणि एखादा स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. अध्यक्ष पालक-सदस्यांमधूनच निवडायचा. सरपंचांचं मूल याच शाळेत असेल तर तेही पालक म्हणून निवडून येऊ शकतात. मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेत आणि बाप गावातल्या शाळेचा अध्यक्ष, हे मात्र कायद्यात बसत नाही.

"आम्ही शिकलेलो नाही, आम्हाला काय कळतं?" हे वाक्य इतक्या नम्रपणे म्हटलं जातं की समोरचाही ते मान्य करून टाकतो. कायद्यात सदस्यासाठी शिक्षणाची कुठलीही अट नाही. उलट वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायला कायदा सांगतो. निम्म्या जागा महिलांच्या. कागदावर त्या भरलेल्या असतात, बैठकीला मात्र पुष्कळदा नवरा येऊन बसतो. निवड बाईंची झालेली असते. त्यांच्या ऐवजी दुसऱ्या कुणी बसण्याची सोय कायद्यात नाही. हा प्रकार मुख्याध्यापकांनी पहिल्याच बैठकीत थांबवायला हवा. नंतर थांबवणं अवघड जातं.

आता पैशांचं. "शाळेचे पैसे सरांकडे येतात, त्यांचे ते बघतील," असं सर्रास ऐकू येतं. कायदा सांगतो की शासनाकडून, स्थानिक संस्थेकडून किंवा अन्य कुठूनही शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम आहे. 'अन्य कुठूनही' यात गावाने दिलेली लोकवर्गणी आणि एखाद्या कंपनीने दिलेली देणगीही आली. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांत शाळेचं वार्षिक संयुक्त अनुदान पटावर ठरतं : तीसच्या वर ते शंभर पटाला 25 हजार रुपये, 101 ते 250 पटाला 50 हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. रक्कम डोळ्यांत भरणारी नाही. पण मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ आणि तुटलेली कडी याच पैशांतून दुरुस्त होते. खर्चाच्या कागदावर मुख्याध्यापकांबरोबर अध्यक्षांचीही सही लागते, म्हणून कोऱ्या धनादेशावर किंवा न वाचलेल्या व्हाउचरवर ती करू नये. यात मास्तरांवर अविश्वास नाही. हिशेबात दोघांची नावं असली की उद्या आक्षेप आला तर मास्तर एकटे पडत नाहीत.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित राहतो तो शाळा विकास आराखडा. बहुतेक पालकांना तो जिल्ह्याकडून छापून येणारा तक्ता वाटतो. प्रत्यक्षात कलम 22 प्रमाणे तो समितीने तयार करायचा आहे, आणि शासनाने त्या शाळेसाठीचं नियोजन आणि अनुदान याच आराखड्याच्या आधारे ठरवावं, असंही त्याच कलमात लिहिलं आहे. पुढच्या तीन वर्षांत पट किती होईल, शिक्षक किती लागतील, वर्गखोली हवी का, कुंपण हवं का, हे त्यात वर्षवार मांडायचं. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हा कायद्याच्या अनुसूचीतला निकष आहे. एकच शिक्षक चार वर्ग सांभाळत असेल तर ती गोष्ट आराखड्यात आकड्यांसह यायला हवी. चावडीवर कुरकुर करून त्याची नोंद कुठेच होत नाही.

केंद्राच्या नियमांप्रमाणे आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. बीड, जालना, नगर भागात नेमक्या याच काळात ऊसतोड कामगारांची घरं कुलूपबंद असतात. ज्यांच्या मुलांच्या शिक्षणाला सगळ्यात जास्त धोका, ते पालक आराखड्याच्या बैठकीला कारखान्याच्या फडात. या मुलांना गावातच ठेवून शिकवण्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, आणि तीही शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत चालवली जातात. तेव्हा अशा गावांनी आराखड्याची बैठक टोळ्या निघण्याआधी घ्यावी. त्यासाठी कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहायला नको. तारीख समितीच्याच हातात आहे.

समितीला शिक्षकाची बदली करता येत नाही, नेमणूक नाही, पगारही रोखता येत नाही. भरती आणि बदल्या शासन व जिल्हा परिषदेच्या पातळीवर होतात. वर्गात शिरून मास्तरांना सर्वांसमोर जाब विचारणं हेही समितीचं काम नव्हे. शिक्षक वेळेवर येतात का, शाळेचे दिवस भरतात का, हे मात्र ती पाहू शकते. पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस लागतात, सहावी ते आठवीला 220. तक्रार असेल तर बैठकीत ठराव करून केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. याची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही : जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतलं मदतकार्य सोडून अशैक्षणिक कामं शिक्षकांवर लादली जाऊ नयेत, यावरही समितीनेच लक्ष ठेवायचं आहे. म्हणजे मास्तरांची बाजू घेऊन वरच्यांना पत्र लिहिणं, हेसुद्धा तिच्या कामातच येतं.

खिचडीबाबत थोडक्यात. पोषण आहाराचा दर्जा आणि स्वयंपाकाच्या जागेची स्वच्छता यांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी 2015 च्या केंद्रीय नियमांनी समितीवर टाकली आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम. चव रजिस्टर असतंच. त्यात कधीतरी एखाद्या आईचीही सही दिसावी.

शेवटचा गोंधळ शहरातला. विनाअनुदानित खासगी शाळेला ही समिती लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि 2011 च्या महाराष्ट्राच्या शुल्क नियमन कायद्याने त्याच्या कार्यकारी समितीला शुल्काच्या प्रस्तावाला मंजुरी देण्याचा अधिकार दिला आहे. अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते, पण 2012 च्या दुरुस्तीनंतर तिची भूमिका फक्त सल्ल्याची उरली. त्यामुळे पालकांचा खरा जोर चालतो तो शासकीय, जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांत. तिथेच पालक स्वतःला सगळ्यात दुबळे समजतात.

तुमचं मूल अशा शाळेत असेल तर पुढच्या बैठकीत दोनच गोष्टी मागा : मागच्या बैठकीचं प्रोसिडिंग आणि चालू शाळा विकास आराखडा. सदस्य असाल तर दोन्ही वाचल्याशिवाय सही करू नका, आणि सदस्य नसाल तरी विचारायला कचरू नका.