न रडणारें मूल

घरांत कोणी वारलें म्हणजे समाचारास येणारी मंडळी कोण किती रडलें हें पाहतात, आणि या परीक्षेंतून लहान मुलेंही सुटत नाहींत. बाप गेला त्याच सायंकाळीं जो मुलगा अंगणांत गोट्या खेळूं लागतो, त्यास 'दगडाच्या काळजाचा' हें बिरूद मिळतें. आणि जी मुलगी प्रेताजवळ जाण्यास भिते, तिला शेवटच्या दर्शनासाठीं दंड धरून पुढें ओढण्यांत येतें. हे दोन्ही प्रकार आम्हांस सारखेच अन्यायाचे वाटतात.

सर्व मुलें एकाच मुशींतून निघत नाहींत. अलेक्झांडर टॉमस व स्टेला चेस या मानसवैद्यांनीं १९५६ सालीं न्यूयॉर्क येथें आरंभिलेल्या दीर्घ अभ्यासांत असें दिसून आलें कीं, तान्हेपणापासूनच कांहीं मुलें सहज जुळवून घेतात, कांहीं प्रत्येक बदलास जोरानें विरोध करतात, तर कांहीं नव्या गोष्टीस हळूहळू सरावतात. त्यापूर्वीं, १९४८ सालीं, मारिया नॉज या बाईंनीं बुडापेस्टच्या मुलांविषयीं निबंध प्रसिद्ध केला. पांच वर्षांखालील मुलांस मरण म्हणजे दूर जाणें किंवा निजणें वाटतें. तें अटळ आहे ही समज बहुधा नवव्या वर्षाच्या सुमारास येते, असा त्याचा निष्कर्ष होता. तेव्हां गोट्या खेळणाऱ्या मुलाचें काळीज दगडाचें नसतें. बाप रात्रीं जेवायला येईल, अशी त्याची समजूत असते.

आणि ही समजूत आपणच पक्की करतों. 'बाबा गांवाला गेले' असें सांगतों. मग चुलते मालखरेदीस परगांवीं निघाले कीं तेंच मूल उंबऱ्यावर आडवें पडतें, आणि आपण त्यास हट्टी म्हणतों!

आमच्या चालीरीतींत तथ्य नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. दहा दिवसांचें सुतक, दहाव्याचा पिंड, तेरावा, यांनीं दुःखास मुदत व सोबत दोन्ही मिळतात. परंतु कावळा कां शिवायचा, असें मुलानें विचारलें तर त्यास दटावून बाजूस करतात. मेक्सिको देशांत नोव्हेंबरच्या १ व २ तारखेस कुटुंबें मुलाबाळांसह फुलें व खाद्य घेऊन थडग्यांपाशीं जातात आणि मृतांच्या आठवणी काढतात. आपणही पितृपंधरवड्यांत पान वाढतों. पण ते आजोबा कसे होते, हें त्या पानापाशीं मुलास कोण सांगतो?

खरें सांगितल्यास मुलें भितील, असा आक्षेप येईल. २०२० व २०२१ सालच्या महामारींत कित्येक घरांतील माणूस रुग्णालयांत गेलें तें परत दिसलेंच नाहीं. तेथें विधीचा आधार तुटला होता. मुलास देण्यासारखे सरळ शब्दच काय ते उरले होते. मौनानें भीति कमी होत नाहीं. ती एकटी पडते.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच: 'ते वारले, आतां परत येणार नाहींत' हें मुलास स्पष्ट सांगावें. अंत्यदर्शनास यावयाचें कीं नाहीं हें मुलास व मुलीस सारखेंच विचारावें, बळजबरी करूं नये. आणि समाचारास जाणाऱ्यानें आंसवें मोजण्याऐवजीं त्या मुलापाशीं घटकाभर बसून तें काय विचारतें तें ऐकून घ्यावें.