नगराने करावयाचा गौरव

सत्तेवर असलेल्या पुढाऱ्याच्या गळ्यात हार घालणे सोपे असते. त्या हारात आदर किती आणि अपेक्षा किती, हे घालणारालाही पुष्कळदा सांगता यावयाचे नाही. अधिकारपद सोडून घरी बसलेल्या लोकसेवकाची गोष्ट निराळी. त्याच्या हाती शिफारस नाही, अनुदान नाही. त्याच्या सत्काराने कोणाचे अडलेले काम व्हावयाचे नाही. म्हणूनच नगरसंस्था अशा व्यक्तीचा गौरव करते, तेव्हा त्या गौरवाला खरी किंमत येते.

चार स्नेही वर्गणी काढून शाल-श्रीफळ देतात, तो त्यांच्या आवडीचा प्रश्न. नगरसंस्थेचा गौरव मात्र सभेपुढे ठराव मांडून होतो आणि त्याचा खर्च करदात्यांच्या पैशातून होतो. यास्तव अशा वेळी सभासदांनी हिशेब विचारणे हा उद्धटपणा नव्हे. ते कर्तव्यच होय. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 साली व्हाइसरॉयांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चावेत, असा प्रस्ताव तेथे आला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे जोतीरावांचे म्हणणे पडले. प्रस्तावाविरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले. तेथे प्रसंग सत्ताधीशाच्या स्वागताचा होता. परंतु पैसा कोणाचा आणि मान कशाबद्दल, हे दोन प्रश्न प्रत्येक सत्काराला लागू पडतात.

गौरवाचे नेहमीचे प्रकार तीन : मानपत्र, सभागृहातील तैलचित्र आणि रस्त्याला किंवा वसाहतीला दिलेले नाव. मानपत्राचा मोठा दोष म्हणजे विशेषणे. ‘निःस्वार्थी’, ‘कर्तव्यदक्ष’, ‘जनसेवेस वाहून घेतलेले’ हे शब्द कोणाच्याही नावापुढे बसतात. म्हणून ते कोणाचेच राहत नाहीत. नाव अधिक टिकते, पण तेही वापराने झिजते.

आमच्या हैदराबादेतील अंबरपेठेचेच उदाहरण घ्या. ‘डी. डी. कॉलनी’ म्हटले की रिक्षावाला नेमका नेऊन सोडतो. पण ही आद्याक्षरे दुर्गाबाई देशमुख यांची आहेत, हे तेथून शाळेत जाणाऱ्या किती मुलांना सांगता येईल? दुर्गाबाईंचा जन्म 1909 साली राजमहेंद्रीस झाला. मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास सोसला. 1937 साली मद्रासेत आंध्र महिला सभा स्थापिली. पुढे संविधान सभेत त्या बसल्या. 1952 च्या निवडणुकीत त्यांना अपयश आले. अनेकांचे सार्वजनिक जीवन अशा ठिकाणी संपते. दुर्गाबाईंनी मात्र नियोजन मंडळावर काम केले आणि 1953 साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाचे पहिले अध्यक्षपद सांभाळले. त्याच वर्षी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी विवाह होऊन ही तेलुगू कन्या महाराष्ट्राची सून झाली. मुंबईच्या प्रश्नावरून 1956 साली मंत्रिपद सोडणारे ते हेच चिंतामणराव. 1975 साली उभयतांना पद्मविभूषण मिळाले. उतारवयात हे दांपत्य हैदराबादेत राहिले. दुर्गाबाई 1981 साली निवर्तल्या, चिंतामणराव त्यानंतरच्या वर्षी.

अंबरपेठेला लागून असलेल्या विद्यानगरात दुर्गाबाईंच्या नावाचे रुग्णालय आहे. तेथे उपचार घेऊन घरी परतणारी बाई दुर्गाबाईंचे नाव न घेताही त्यांचा गौरवच करीत असते. पाटीवरचे नाव आणि हे काम यांचा सांधा जोडून देणे हाच नगराच्या गौरवाचा खरा हेतू होय. नुसत्या पाटीने तो साधत नाही.

तेव्हा असा ठराव करताना नगरसंस्थेने दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, विशेषणांऐवजी कामे लिहावीत : कोणती शाळा उघडली, कोणत्या वस्तीत पाणी आणले, कोणत्या वर्षी. पाटीवरही नावाखाली दोन ओळी असाव्यात, म्हणजे आद्याक्षरांत माणूस हरवणार नाही. दुसरी, सत्कारमूर्तीच्या हातून अपुरे राहिलेले एखादे काम त्याच ठरावात नोंदवून ते पुरे करण्याचा भार सभेने स्वतःवर घ्यावा. हार संध्याकाळी सुकतो, मानपत्र भिंतीवर जाते. अपुरे काम हाती घेणारा कोणी पुढे आला, तरच त्या वृद्ध लोकसेवकाला आपली सेवा वाया गेली नाही असे वाटेल.