गाडी चारही चाकांनी चालते, थांबते मात्र टायरवर

साधारण दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, मॉन्ट्रियलला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती गॅरेजमध्ये बसली होती, गाडीचे चारही टायर बदलून घ्यायला. "एवढ्यात झिजले?" मी विचारलं. "झिजले नाहीत रे दादा. इथे हिवाळ्याचे टायर वेगळे असतात. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ते लावावेच लागतात, कायदाच आहे."

आमच्या एसयूव्हीला तेव्हा तीन वर्षं होत आली होती, पण तिचं कौतुक अजून ओसरलं नव्हतं. त्यामुळे मी ऐटीत म्हणालो, "तुझी गाडी पण ऑल व्हील ड्राइव्ह आहे ना? मग वेगळे टायर कशाला?" त्यावर ती जे म्हणाली ते मी हसण्यावारी नेलं. ती म्हणाली, "चारही चाकांना ताकद मिळते ती गाडी हलायला. थांबायला तर बाबांच्या जुन्या मारुतीलाही चारही चाकांना ब्रेक होते. थांबवतं ते रबर."

पुढच्या गणपतीला आम्ही सोलापूरला निघालो. हैदराबादच्या आपल्या लोकांना हा रस्ता पाठ असतो: पाटणचेरू, संगारेड्डी, जहिराबाद, मग कर्नाटकातलं हुमनाबाद, पुढे उमरगा, नळदुर्ग. तीनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर. शेजारी बाबा, मागे बायको आणि आठ वर्षांची लेक, डिकीत सामान काचेपर्यंत. जहिराबाद सोडलं आणि पाऊस सुरू झाला. मी पंच्याण्णवच्या आसपास होतो आणि मनात निर्धास्त होतो. याच दिवसांसाठी तर जास्तीचे पैसे मोजून चारही चाकांना ताकद देणारी गाडी घेतली होती.

रस्ता जरा खोलगट झाला तिथे पाणी साचलं होतं. स्टिअरिंग एकदम हलकं झालं, जणू खाली काही जोडलेलंच नाही. मी घाबरून ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग वळवलं, म्हणजे नेमकं जे करू नये ते केलं. गाडी तिरकी होत डावीकडे सरकली आणि रस्त्याच्या कडेच्या मातीत जाऊन थांबली. मागे ट्रक नव्हता म्हणून हा लेख लिहितोय. बाबा काहीच बोलले नाहीत. फक्त दरवाजावरच्या दांडीवरचा त्यांचा हात बराच वेळ सुटला नाही. लेकीने विचारलं, "बाबा, आपली गाडी तरंगली का?"

तिचा शब्द अगदी बरोबर होता. टायरच्या खाचांचं काम पाणी बाजूला ढकलायचं. वेग जास्त असेल किंवा खाचा झिजलेल्या असतील तर पाणी बाजूला व्हायला वेळ मिळत नाही, त्याचा थर टायरखाली शिरतो आणि टायर रस्ता सोडतो. मग इंजिनाची ताकद दोन चाकांना मिळते की चार, याला अर्थच उरत नाही, कारण चारही चाकं पाण्यावर असतात. उलट ऑल व्हील ड्राइव्हचा एक छुपा तोटा आहे, तो मला तेव्हा कळला. साध्या गाडीचं चाक ओल्या रस्त्यावर निघतानाच जरा घसरतं आणि आपल्याला सावध करतं. ही गाडी मात्र शहाण्या मुलासारखी सरळ निघते. रस्ता किती निसरडा आहे हे पहिल्यांदा कळतं ते ब्रेक लावल्यावर.

सोलापूरला पोचल्यावर आधी हवा तपासली. मागच्या दोन्ही टायरमध्ये २६ निघाली. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी ३६ लिहिलेलं होतं, ते मी चार वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं. नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक ढोबळ सूत्र काढलं होतं: हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढा, त्याला साडेसोळा-पावणेसतराने गुणा, आला त्या किलोमीटरच्या वेगाला साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागतो. ३६ पीएसआयला हा वेग ताशी १००च्या जवळ येतो, २६ला ८५च्या. मोटारीला ते तंतोतंत लागू होत नाही, रुंद आणि झिजलेला टायर त्याआधीही तरंगू शकतो. पण माझी पंच्याण्णवची चाल या दोन आकड्यांच्या मध्ये होती, हे वहीत मांडून पाहिल्यावर घशाला कोरड पडली.

खाचांची गोष्ट याहून वाईट होती. नव्या टायरला साधारण सात-आठ मिलीमीटर खोल खाचा असतात. आपल्या कायद्याने १.६ मिलीमीटरपर्यंत चालतात. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो बाद. माझे टायर ४८ हजार किलोमीटर चालून दोन मिलीमीटरवर आले होते, म्हणजे कायद्याने ठणठणीत. पण पावसात ३ मिलीमीटरच्या खाली गेलेला टायर पाणी नीट काढत नाही, म्हणून जाणकार पावसाळ्याच्या तोंडावर तीनलाच बदलायला सांगतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणणार नाही. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात टायरवर आख्खं प्रकरण होतं.

परत आल्यावर टायर घ्यायला गेलो तर तिथे तिसरीच शाळा. आमच्या कट्ट्यावरच्या तरुण मंडळींचा सल्ला होता एमटी घे, म्हणजे चिखलाचे, मोठ्या दातांचे. गाडी रुबाबदार दिसते हे खरं. पण त्या दातांमधल्या मोठ्या फटींमुळे डांबराला टेकणारं रबरच कमी होतं. ओल्या हायवेवर थांबायला ते जास्त अंतर घेतात, आणि आवाज करतात तो वेगळाच. ज्यांचं शेत आहे, कच्चा रस्ता रोजचा आहे, त्यांना एटी टायर ठीक. गच्चीबावली ते काचीगुडा आणि वर्षातून चार वेळा सोलापूर, लातूर, नांदेड करणाऱ्यांना एचटी म्हणजे हायवेचेच टायर योग्य, असं माझं मत झालं आणि मी तेच घेतले.

बहिणीसारखे हिवाळी टायर घ्यावेत का? मुळीच नाही. डोंगर आणि हिमकण यांचं चिन्ह असलेल्या त्या टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवतात, तापमान ७ अंशांच्या खाली गेलं तरी ते कडक होऊ नये म्हणून. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेही पारा बहुधा त्याच्या वरच असतो आणि एप्रिल-मेमध्ये तो चाळीस ओलांडतो. तेव्हा ते रबर खोडरबरासारखं झिजेल. आपला टायरचा खरा 'हिवाळा' म्हणजे पावसाळा. म्हणून विचारायचं ते ओल्या रस्त्यावरच्या पकडीबद्दल. २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचे किमान निकषही अधिसूचित केले आहेत.

दुकानात दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. टायरच्या बाजूला २३५/६५ आर१७ १०४एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातलं १०४ म्हणजे एक टायर ९०० किलो पेलतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, कारण आपण सात जण आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन जाणारी माणसं. दुसरी गोष्ट जन्मतारीख. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. मला दाखवलेल्या चारपैकी दोन टायर तब्बल दीड वर्ष आधीचे निघाले. विचारलं तर उत्तर आलं, "नयाच है साब." (हैदराबादी बोलीतला हा 'च' आपल्या मराठीतून गेला असं म्हणतात. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही.) दोन दिवस थांबलो, चारही एकाच वयाचे मिळाले.

चारही का, हा प्रश्न बायकोने बिल पाहून विचारलाच. साध्या गाडीचे दोनच टायर बदलायचे झाले तर नवे मागे लावतात, म्हणजे पावसात शेपूट फिरत नाही. ऑल व्हील ड्राइव्हला पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक पडला की ताकद वाटणाऱ्या यंत्रणेला रोज तो फरक भरून काढावा लागतो आणि ती तापते, झिजते. तिची दुरुस्ती चार टायरांहून महाग. त्यामुळे दर दहा हजार किलोमीटरला टायर पुढे-मागे फिरवून घ्यायचे आणि बदलताना चारही. गाडी घेतानाच हा खर्च हिशोबात धरा. ज्यांच्या गाडीत फोर बाय फोरचं वेगळं बटण किंवा दांडा आहे त्यांनी आणखी एक पाहावं. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत तो मोड चिखल, वाळू, बर्फ यांसाठीच असतो. डांबरावर तो लावून वळणं घेतली की गिअरवर ताण येतो, म्हणून हायवेवर ती गाडी दोन चाकांवरच चालवायची असते.

आणि शहरात साचलेल्या पाण्यात कुठलीच गाडी घालू नये. १३ ऑक्टोबर २०२०ची रात्र आपण विसरलेलो नाही. वाहतं पाणी दोन फूट असलं तर एसयूव्हीलाही उचलतं, मग चाकं कितीही फिरोत.

आता दिवाळीनंतरचे दिवस. आपल्याकडे बर्फ नाही, पण थंडीत दर पाच-सहा अंशांमागे टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने कमी होते, म्हणून मीटर पहाटे, गाडी थंड असताना लावायचा. रात्री सोलापूर रस्त्यावर खरी भीती असते उसाच्या ट्रॉल्यांची. जहिराबादपासून पुढे गळीत हंगामात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. बहिणीचा नियम इथेच लागू पडतो. ट्रॉली पन्नास मीटरवर दिसली की फक्त ब्रेक आणि रबर कामाचं. आम्ही आता रात्रीचा प्रवासच करत नाही.

राहिलं मनालीचं. आमच्या कट्ट्यावर दर हिवाळ्यात कुणीतरी म्हणतंच, मेडचलहून जो ४४ नंबरचा हायवे जातो तो थेट श्रीनगरला पोचतो, चला गाडी काढू. जरूर जा. पण बर्फ पडला की अटल बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलीस बहुधा फोर बाय फोर किंवा चाकांना चेन लावलेल्या गाड्याच सोडतात, आणि आपली फोर बाय फोर हायवे टायरवर वर चढली तरी उतरताना घसरणार. तिथे आपली गाडी हॉटेलवर ठेवून स्थानिक चालकाची गाडी करावी.

आमच्याकडे आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मीटर लेकीच्या हातात असतो. ती चार आकडे ओरडून सांगते, बाबा कॅलेंडरच्या मागे लिहितात, आणि कधीकधी मॉन्ट्रियलहून आत्याही फोनवर ऐकत असते. आज मागचा डावा ३१ निघाला, बाकी तीन ३४. खिळा असणार. उद्या शाळेतून आली की तिला घेऊन पंक्चरवाल्याकडे जायचंय, तिला तो खिळा बघायचाय.