रेणूंची चाळणी : चोराखळीच्या कारखान्यात प्राणवायू कसा तयार झाला?

शिवार ते प्रयोगशाळा : भाग ५

२०२१च्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट भरात होती आणि महाराष्ट्रातली रुग्णालये प्राणवायूसाठी हवालदिल झाली होती. टँकर वाटेत अडकला की अख्ख्या जिल्ह्याचे धाबे दणाणायचे. त्याच सुमारास पुण्याच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने साखर कारखान्यांना प्राणवायू निर्मितीत उतरण्याचे आवाहन केले. कळंब तालुक्यातील चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने ते मनावर घेतले. आपल्या इथेनॉल प्रकल्पातच फेरफार करून मे महिन्यात त्याने वैद्यकीय प्राणवायू तयार करायला घेतला. आताच्या धाराशिव जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते. साखर कारखान्यातला असा प्रकल्प देशात पहिलाच ठरला.

पण साखर, दारू आणि इंधन बनवणाऱ्या यंत्रणेला प्राणवायू कसा जमला?

मळी आंबवून इथेनॉल कसे मिळते, ते मागच्या भागात पाहिले. आंबलेल्या द्रावात अल्कोहोल जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास असते. ऊर्ध्वपातनाने ते पंचाण्णव-शहाण्णव टक्क्यांपर्यंत चढते आणि तिथे गाडी अडते. त्या टप्प्यावर पाणी आणि इथेनॉल द्रावात असतात त्याच प्रमाणात वाफेत येऊ लागतात. मग कितीही उकळले तरी उरलेले पाणी सुटत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल मात्र नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक शुद्ध लागते. या शेवटच्या चार-पाच टक्के पाण्यासाठी कारखान्यात झिओलाइटच्या मण्यांनी भरलेले दोन उंच मनोरे उभे असतात.

झिओलाइट म्हणजे ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा जाळीदार स्फटिक. साबुदाण्यासारख्या दिसणाऱ्या त्याच्या मण्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले, तर एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. इथेनॉलच्या मनोऱ्यातल्या झिओलाइटचे छिद्र सुमारे तीन अँगस्ट्रॉमचे असते. पाण्याचा रेणू त्याहून किंचित लहान, म्हणून तो आत शिरून अडकतो. इथेनॉलचा रेणू साडेचारच्या घरातला, म्हणून तो बाहेरूनच पुढे जातो. काही मिनिटांत मणी पाण्याने भरले की वाफ दुसऱ्या मनोऱ्यात वळवतात आणि पहिल्यातला दाब उतरवून, निर्वात करून अडकलेले पाणी ओढून काढतात. दाब चढवायचा, उतरवायचा, मनोरे आलटून-पालटून वापरायचे. इथेनॉल प्रकल्पातल्या माणसांना हे चक्र पाठ असते.

हवेतून प्राणवायू वेगळा करण्याची एक रीत नेमकी याच चक्रावर चालते. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. या दोन रेणूंच्या आकारात फारसा फरक नाही, त्यामुळे छिद्राच्या मापावर त्यांची निवड होत नाही. इथे कामाला येते ते विद्युत आकर्षण. झिओलाइटच्या जाळीतले सोडियम किंवा लिथियमचे आयन नायट्रोजनला जास्त जोराने धरून ठेवतात. ऑक्सिजन पुढे निघून जातो. त्यासाठी मनोऱ्यातले मणी निराळ्या जातीचे लागतात आणि हवा आधी कोरडी करावी लागते. दाबयंत्रे, शुद्धतेची तपासणी, सिलिंडर भरण्याची सोय हे सगळे वेगळे उभारावे लागते. हवेतला जवळपास एक टक्का आर्गॉन ऑक्सिजनबरोबरच राहतो, म्हणून या रीतीने शुद्धता साधारण ९५-९६ टक्क्यांच्या वर जात नाही. रुग्णांसाठी तेवढी पुरते; अमेरिकी आणि युरोपीय औषधसंहितांत ९३ टक्के प्राणवायूची स्वतंत्र नोंदच आहे.

त्याच एप्रिलमध्ये आयआयटी मुंबईत प्रा. मिलिंद अत्रे यांच्या चमूने नायट्रोजन बनवणाऱ्या यंत्रातली कार्बनची चाळणी काढून झिओलाइटची बसवली आणि त्यातून ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळवला. पवईची प्रयोगशाळा आणि चोराखळीचा कारखाना एकाच वेळी एकाच वाटेने निघाले होते, आणि ही गोष्ट धाराशिवकरांनी छाती फुगवून सांगावी अशी आहे. अवघड घडीला इथल्या कामगारांना आणि अभियंत्यांना रेणू वेगळे करण्याचे तंत्र हाताशी सापडले.

औषधनिर्मितीतही खरा घाम गाळावा लागतो तो याच वेगळे करण्याच्या टप्प्यावर. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५पासून पेनिसिलिन बनू लागले. बुरशी टाकीत वाढवणे हा कामाचा अर्धा भाग. भरपूर पाण्यात मिसळलेले थोडेसे पेनिसिलिन थंड आणि आम्लधर्मी द्रावातून विद्रावकात ओढणे, पुन्हा पाण्यात आणणे, शेवटी त्याचे स्फटिक करणे हा उरलेला अर्धा, आणि जास्त नाजूक. विघटनशील प्लॅस्टिकचेही तसेच. साखरेपासून जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात, त्यापासून लॅक्टाइड आणि पुढे पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्लॅस्टिक होते. या साखळीत लॅक्टाइड शुद्ध करणे कळीचे. प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४मध्ये जेजुरीला अशा जैवप्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. शस्त्रक्रियेनंतर शरीरात आपोआप विरघळणारे बरेचसे टाके लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्याच बहुवारिकाचे असतात. ऊस, प्लॅस्टिक आणि शस्त्रक्रियागृह यांतले अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

पण इथेनॉल असो वा हे प्लॅस्टिक, सुरुवात उसापासून; म्हणून आता प्रश्न पाण्याचा. २०२३मध्ये राज्य सरकारने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत वाशी, धाराशिव आणि लोहारा होते. त्याच वर्षी ७ डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध घातले. पाऊस रुसला की ऊस घटतो, ऊस घटला की साखर आणि इंधन एकमेकांच्या ताटातले ओढू लागतात. अशा जिल्ह्याने जैवइंधनासाठी आणखी ऊस लावणे परवडणारे नाही. पण तुरीची आणि सोयाबीनची मळणी झाल्यावर शिवारात जे उरते, त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. तुऱ्हाट्या आज चुलीत जातात, कुडाला लागतात किंवा बांधावर जळून जातात.

त्या काडीतही साखरच आहे, पण कुलूपबंद. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या साखळ्यांना लिग्निनने घट्ट वेढलेले असते. आधी आम्ल, अल्क किंवा वाफेने ते वेष्टन सैल करायचे, मग विकरांनी साखळ्या तोडायच्या, मग यीस्टकडून आंबवून घ्यायचे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या जुन्या यूडीसीटीत, प्रा. अरविंद लाली यांच्या नेतृत्वाखाली हे तंत्र विकसित झाले. लाली मुळात जैवरेणू वेगळे करण्याच्या शास्त्रातले जाणकार. एप्रिल २०१६मध्ये उत्तराखंडातील काशीपूरला दिवसाला दहा टन काडीकचरा पचवणारा प्रात्यक्षिक प्रकल्प या तंत्रावर उभा राहिला. काडी आत गेल्यापासून चोवीस तासांच्या आत इथेनॉल मिळते, असे तेव्हा सांगण्यात आले.

रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र २०१८पासून जालन्यात आहे. धाराशिव शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. म्हणजे काडीपासून इथेनॉल बनवण्याचा विचार इथेही करता येईल. पण अडचणीही उघड आहेत: काडी हलकी पण जागा व्यापणारी, वाहतूक महाग, हंगाम थोडक्या आठवड्यांचा, आणि सगळीच उचलली तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळणार नाही. म्हणूनच काम तालुक्यापासून सुरू व्हायला हवे. कोणत्या गावात किती तुऱ्हाट्या उरतात, त्यातल्या किती रानातच ठेवायच्या, इथल्या वाणांत लिग्निन किती, हे मोजण्यासाठी परदेशी यंत्रसामग्री लागत नाही. लागतात ते रसायनशास्त्राचे विद्यार्थी, वजनकाटा, भट्टी आणि दोन हंगामांची चिकाटी. कारखान्यांनी गळीत संपल्यावर रिकामे राहणारे मनोरे आणि टाक्या पुढे काडीपासून इथेनॉल काढण्याच्या चाचण्यांना उपलब्ध करून दिल्या, तर विद्यापीठातला प्रबंध कपाटात न राहता कळंब-वाशीच्या शेतकऱ्याच्या हिशेबात उतरेल.

(पुढील आठवड्यात : लिग्निन. इथेनॉल काढून झाल्यावर उरणाऱ्या या काळपट चोथ्यापासून डिंक, रंग आणि औषधांचे कच्चे घटक बनवण्याचे प्रयत्न.)