एक म्हैस आणि एक लाख म्हशी

ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना एक प्रश्न विचारतो. तुमच्या दावणीची म्हैस पुढचे वर्षभर धडधाकट राहील का? ‘राहील की!’ असे तुम्ही म्हणाल आणि बहुधा ते खरेही ठरेल. पण याची खात्री कोणी देऊ शकेल काय? सर्पदंश, विजेचा धक्का, पोटफुगी, विताना अडणे, यांपैकी काय केव्हा ओढवेल हे गुरांचे डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

आता दुसरा प्रश्न. एक लाख म्हशींपैकी वर्षभरात साधारण किती दगावतील? हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड वाटतो ना? गंमत अशी की, मागील वर्षांच्या नोंदी हाताशी असतील तर याचे उत्तर बरेच अचूक देता येते! फुग्यातील हवेचा एक रेणू पुढच्या क्षणी कोणीकडे धावेल हे सांगता येत नाही. परंतु अब्जावधी रेणूंचा मिळून होणारा दाब मात्र स्थिर असतो. तसेच हे आहे. जनावरांचा विमा याच तत्त्वावर उभा आहे.

माढ्याच्या गोठ्यात

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याचेच उदाहरण घेऊ. एका बाजूला भीमा, दुसऱ्या बाजूला सीना आणि भीमेवर उजनीचे धरण. तरीही हा भाग कमी पावसाचा. ज्वारीचे पीक हाती लागेल की नाही याचा भरवसा नसतो, तेव्हा दुधाचा पैसा घर चालवतो. शेजारच्या पंढरपूरचे नाव मिळालेली, तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस या कोरड्या हवेत चांगली तग धरते. अशी एक दुभती म्हैस गेली, तर रोजचे दूध बंद होते आणि नवी घ्यायला कर्ज काढावे लागते. मग वह्या-पुस्तकांच्या खर्चालाही कात्री लागते.

हिशेब करून पाहू

समजा, म्हशीची किंमत ८०,००० रुपये आहे आणि शंभरांतील सरासरी ३ म्हशी वर्षाला दगावतात. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.) १,००० शेतकऱ्यांनी प्रत्येकी एका म्हशीसाठी एकत्र निधी केला, तर वर्षाला सुमारे ३० म्हशींची भरपाई द्यावी लागेल, म्हणजे २४ लाख रुपये. प्रत्येकाच्या वाट्याला आले २,४००. तपासणी, कचेरीखर्च व अडचणीच्या वर्षासाठीची शिल्लक मिळून ३,००० धरू. हाच विम्याचा हप्ता. ८०,००० रुपयांच्या अनिश्चित संकटाच्या बदल्यात ३,००० रुपयांचा निश्चित खर्च!

मग दहाच शेतकऱ्यांनी मिळून असा निधी का करू नये? हिशेब करा. दहांपैकी एकही म्हैस न दगावण्याची संभाव्यता ०.९७ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. बहुतेक वर्षे काहीच द्यावे लागणार नाही. पण ज्या वर्षी एक दगावेल त्या वर्षी प्रत्येकाला ८,००० रुपये आणि दोन दगावल्या तर १६,००० रुपये भरावे लागतील. तेव्हा निधी मोडायचाच!

संख्या वाढली की हा चढउतार आटोक्यात येतो. हजार म्हशींत सरासरी ३०, पण बहुतेक वर्षी आकडा १९ ते ४१ च्या दरम्यान राहील. एक लाखांत सरासरी ३,००० आणि बहुतेक वर्षी सुमारे २,८९० ते ३,११०. पहिला चढउतार सरासरीच्या ३६ टक्के, तर दुसरा जेमतेम ४ टक्के. संख्या शंभरपट झाली की सापेक्ष चढउतार दहापट कमी होतो. कारण शंभराचे वर्गमूळ दहा. याकोब बर्नुली या गणितज्ञाने मोठ्या संख्यांचा नियम सिद्ध केला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १७१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी, १६९३ मध्ये, धूमकेतूमुळे आपल्या ओळखीच्या असलेल्या हॅले याने ब्रेस्लाव शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून माणसांच्या आयुर्मानाचे कोष्टक केले होते.

कानातला बिल्ला

जनावराच्या कानातला बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला तुम्ही पाहिला असेल. विमा उतरवलेली म्हैस तीच ही, हे त्यावरून कळते. बिल्ला हरवला तर तो लगेच कळवून नवा मारून घ्यावा, नाहीतर भरपाई अडते. तसेच, आजारी पडल्यावर विमा उतरवू म्हटले तर चालत नाही. सगळेच असे करू लागले तर निधीत आजारी जनावरेच उरतील आणि हप्ता कोणालाच परवडणार नाही.

हेही ध्यानात ठेवा की, जनावरांचा विमा मुख्यतः मृत्यूची भरपाई देतो; औषधोपचाराचे बिल सहसा देत नाही. उपचारासाठी शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आहेत आणि फिरत्या पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विमा योजनेत पशुपालकाने हप्त्याचा १५ टक्केच वाटा द्यावा, असे केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवले. आपल्या उदाहरणातील ३,००० रुपयांपैकी तो वाटा होतो ४५० रुपये.

नियम कोठे मोडतो?

वरच्या सगळ्या हिशेबात एक गोष्ट आपण गुपचूप गृहीत धरली आहे. कोणती? एका म्हशीच्या मृत्यूचा दुसरीच्या मृत्यूशी संबंध नाही, ही! सर्पदंशाला हे लागू पडते, साथीच्या रोगाला नाही. २०२२ साली लंपी चर्मरोगाची साथ महाराष्ट्रात पसरली. डास, माश्या, गोचीड यांच्यामार्फत हा रोग एका गोठ्यातून दुसऱ्यात जातो. म्हशींपेक्षा गाई-बैलांना त्याचा फटका अधिक बसला. राज्य शासनाने दुभत्या गाईसाठी ३०,०००, बैलासाठी २५,००० आणि वासरासाठी १६,००० रुपये मदत जाहीर केली. अशा वेळी सगळ्यांवर संकट एकदमच कोसळते आणि वर्गमूळाची करामत लंगडी पडते.

यावर उपाय काय? लसीकरण! लस रोगाची साखळी तोडते. पुरेशा जनावरांना ती दिली की एका गोठ्यातले दुखणे शेजारच्या गोठ्यात सहजी जात नाही आणि आपले गृहीत पुन्हा बरेचसे खरे ठरू लागते. एकेकाळी गोठेच्या गोठे रिकामे करणारा बुळकांडी रोग लसीकरणाच्याच जोरावर २०११ साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. लाळ्या-खुरकताची लस टोचायला पथक गावात येते तेव्हा ‘आमची म्हैस चांगली आहे, टोचू नका’ असे म्हणणारा केवळ आपलाच नव्हे, तर शेजाऱ्याचाही गोठा धोक्यात घालतो.

वर्गात करून पाहा

दोन फासे घ्या. दोन्हींवर सहा पडले तर म्हैस दगावली असे समजा. ही संभाव्यता छत्तिसात एक, म्हणजे आपल्या ३ टक्क्यांच्या जवळची. पन्नास विद्यार्थ्यांनी प्रत्येकी वीस वेळा फासे टाकून वर्गाची बेरीज करा. ती २८ च्या आसपास येते का पाहा. आता नियम बदला : ज्याची म्हैस दगावेल त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनी एकेक फासा टाकावा आणि विषम आकडा आला तर त्यांचीही म्हैस दगावली, असे धरून बेरीज करा. दोन्ही प्रयोग चार-पाच वेळा करून आकडे फळ्यावर मांडा. शेवटी, निम्म्या मुलांना ‘लस टोचली’ असे समजून त्यांना शेजाऱ्याच्या संसर्गातून वगळा. बेरीज किती उतरते? त्यावरून तुमच्या वर्गाच्या विम्याचा हप्ता किती ठेवाल?