अळवावरचे पाणी

गुळगुळीत ते स्वच्छ, असे आपण धरून चालतो. पण आरशावर मी कितीही फडके फिरवले, तरी बारीक धूळ चिकटतेच! उलट अळूचे पान पाहा. सूक्ष्मदर्शकाखाली ते उंचवट्यांनी अगदी खडबडीत दिसते. त्यावर पुन्हा मेणाचे बारीक स्फटिक. खाचांहून मोठा धुळीचा कण नुसत्या टोकांवर टेकतो. स्पर्श थोडा, म्हणून चिकटण्याची ओढही थोडी. थेंब घरंगळला की कण त्यालाच बिलगून निघून जातो. कमळाच्या पानाचे हेच गुपित जर्मनीतील बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ साली उलगडले. अळूवड्यांसाठी पाने आणाल, तेव्हा एकावर चिमूटभर पीठ भुरभुरून पाणी शिंपडा. अळवावरचे पाणी टिकत नाही खरे. पण जाताना पान धुऊन जाते!